खूण जिथे, तिथून बोला

पत्र असं आहे: "आम्ही नऊ जण महिन्यातून एकदा दीड तास भेटतो आणि सध्या कोणती कादंबरी वाचतोय ते एकमेकांना सांगतो. पण पहिले दोघं-तिघं अख्खं कथानक सांगत बसतात आणि उरलेल्यांच्या वाट्याला 'छान आहे, वाचा' एवढंच येतं. मध्यंतरी एकाने मी वाचत असलेल्या कादंबरीत थोरला भाऊ शेवटी परत येतच नाही, हे बोलता बोलता सांगून टाकलं. एक मैत्रीण ई-रीडरवर वाचते. ती 'मी चौतीस टक्क्यांवर आहे' म्हणते, त्याचं आम्ही काय करायचं? आणि खरं सांगायचं तर माझी ही ४८० पानी कादंबरी दोन महिने १२० व्या पानावर अडून बसलीये. लाज वाटली म्हणून या महिन्यात गेलेच नाही. अर्ध्या वाचलेल्या कादंबरीवर माणसाने बोलायचं तरी काय?"

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच पहिल्या तक्रारीचं मूळ आहे. "सध्या काय वाचतेस?" असं विचारलं की बहुतेक जण "पुस्तक कसं आहे?" या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला लागतात. आणि अर्धी कादंबरी कशी आहे हे ती वाचणाऱ्यालाही अजून कळलेलं नसतं. मग दोनच वाटा उरतात: जेवढं वाचलं तेवढं कथानक सांगत सुटायचं, नाहीतर "छान आहे" म्हणून मोकळं व्हायचं. परीक्षण पूर्ण पुस्तकाचं होतं. चालू वाचनाचा फक्त मुक्काम सांगायचा असतो: खूण कुठे आहे आणि तिथून काय दिसतंय.

एक कल्पित कादंबरी घेऊ. तीन भावंडं वडिलांचं घर विकायला काढतात, एवढाच विषय. नेहमीची पद्धत अशी: "तीन भावंडं असतात, मग धाकटी परत येते, मग त्यांचं भांडण होतं, मग एका पेटीत जुनी पत्रं सापडतात, मग..." हे "मग-मग" एकदा सुरू झालं की आवरत नाही, कारण कथानकाला मध्येच थांबायला जागा नसते. सांगणाऱ्याचा दोष नाही त्यात. आता तीच कादंबरी अशी ऐका: "३१० पैकी १४० व्या पानावर आहे. धाकटी बहीण सांगतेय, पण सगळं होऊन गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी. घरातल्या प्रत्येक खोलीचं वर्णन आलं, फक्त आईची खोली अजून उघडलेली नाही. आणि आईला ती कायम 'ती' म्हणते, आई म्हणत नाही. हे मुद्दाम आहे की मलाच जास्त दिसतंय, ते बघायचंय. मधली तीसेक पानं वाटणीच्या कागदपत्रांत गेली, तिथे मी रेंगाळले." अर्धं-पाऊण मिनिट लागतं. ऐकणाऱ्याला कादंबरीची चव कळते, आणि फुटत काहीच नाही.

यात चार गोष्टी आल्या: खूण, निवेदक, लोंबकळत असलेला प्रश्न आणि घोडं कुठे पेंड खातंय ती जागा. यातली निवेदकाची गोष्ट लोक सर्वात जास्त विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वात कामाची. प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी एवढं सांगून भागत नाही. "मी" सांगणारा माणूस ते कधी सांगतोय, हे महत्त्वाचं. चाळिशीतला माणूस आपलं लहानपण सांगत असेल, तर त्याला शेवट ठाऊक आहे आणि तो आपल्यापासून दडवतोय. त्याच्या एखाद्या वाक्यात मुलाचा आवाज असतो, पुढच्यात चाळिशीचा. रोजनिशीतल्या "मी"ला उद्याचं काही माहीत नसतं. तृतीयपुरुषी कादंबरी एकाच पात्राच्या डोक्यात बसली आहे की या डोक्यातून त्या डोक्यात फिरतेय, यावरही वाचनाची सगळी चाल बदलते. आपल्याला ही कादंबरी मानवेल का, हे ऐकणाऱ्याला कथानकापेक्षा यावरून लवकर कळतं.

जमलं तर एक उतारा मोठ्याने वाचा. दहा ओळी पुरेत, साधारण मिनिटभराच्या. पहिल्या पानावरचा नको. सुरुवातीवर लेखकाने इतकी मेहनत घेतलेली असते की पुढचं पुस्तक तसंच असेलच असं नाही. खुणेच्या मागच्या पंधरा-वीस पानांतला घ्या, आणि त्यात दोनपेक्षा जास्त नावं नसावीत, नाहीतर ऐकणारे "हा कोण?" मध्येच अडकतात.

वेळेचं गणित सोपं आहे. नऊ जणांना प्रत्येकी चार मिनिटं (तीन बोलायला, एक प्रश्नाला) म्हणजे ३६ मिनिटं. नव्वदातून ५४ उरली. त्यात ज्या दोन कादंबऱ्यांनी कान टवकारले असतील त्यांना वीस-वीस मिनिटं द्या. तरी चौदा उरतातच, ती उशिरा येणारे खातात. घड्याळ एकाने धरायचं आणि मागच्या वेळी जो शेवटी बोलला त्याच्यापासून सुरुवात करायची. चार मिनिटांत कथानक सांगून होत नाही हे दोन बैठकांत आपोआप लक्षात येतं, त्यासाठी कुणाला टोकावं लागत नाही.

आता खुणेकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथे होतो. पान क्रमांक एकाच आवृत्तीत खरा असतो. तुमच्यातले दोघं एकच कादंबरी वाचत असतील, तर आधी पुस्तकाच्या सुरुवातीचं, प्रकाशनाची माहिती असलेलं पान उघडा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर बहुधा पानं जुळतात. नवी आवृत्ती असेल तर अक्षरजुळणी नव्याने झालेली असू शकते आणि एकाचं १२० दुसऱ्याचं १३४ निघतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ताडून पाहा. दोन्ही पुस्तकांवर तोच क्रमांक असेल तर पान क्रमांकावर बिनधास्त बोला. वेगळा असेल तर प्रकरण आणि प्रसंग सांगा: "सातवं प्रकरण, पूर ओसरल्यानंतर".

प्रकरण क्रमांकही दगा देतात. टॉलस्टॉयची 'युद्ध आणि शांती' घ्या. तिच्यात ३६१ प्रकरणं आहेत, पण क्रमांक प्रत्येक भागात पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यातच काही आवृत्त्या मजकूर चार खंड आणि उपसंहार असा विभागतात, तर काही जुने इंग्रजी अनुवाद पंधरा भाग आणि उपसंहार असा. तिथे "मी पाचव्या प्रकरणावर आहे" याला काहीच अर्थ नाही. खंड, भाग, प्रकरण असे तिन्ही सांगावे लागतात. अनुवादित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नावही सांगाच. संक्षिप्त अनुवादांत प्रकरणं गाळलेली किंवा दोनाची एक केलेली असतात. शिवाय दोन अनुवादकांनी एकाच पात्राचं नाव वेगवेगळं लिहिलेलं असेल तर अर्धा वेळ "तो वेगळा का?" यातच जातो.

तुमच्या मैत्रिणीच्या टक्क्यांचं असं आहे. ई-रीडरमध्ये अक्षराचा आकार बदलला की पडद्यावरच्या पानांची संख्या बदलते, म्हणून टक्के धरणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. पण टक्के मोजले जातात ते अख्ख्या फाइलचे. कादंबरी संपल्यावर परिशिष्ट, टिपा, कधी त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचं एखादं प्रकरण जोडलेलं असतं. समजा कादंबरी प्रत्यक्षात ९४ टक्क्यांवर संपते. तर ३४ टक्के म्हणजे खरं ३४ भागिले ९४, साधारण ३६ टक्के. ४८० पानी छापील प्रतीत हे १७४ वं पान झालं, १६३ वं नाही. अकरा पानांत बराच मोठा प्रसंग घडू शकतो. तिने अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या प्रकरणानंतर जे पहिलं पान येतं ते उघडून तिथले टक्के बघावेत (शेवट न वाचता!) आणि एकदाच हा हिशोब करून ठेवावा. त्याहून सोपं म्हणजे टक्क्यांबरोबर प्रकरणाचं नाव सांगावं.

कादंबरी कानाने ऐकणाऱ्यांचा घोळ आणखी वेगळा. ऑडिओबुकमध्ये अनेकदा श्रेयनामावली किंवा प्रस्तावना हा पहिला ट्रॅक धरलेला असतो, त्यामुळे त्यांचं आठवं म्हणजे पुस्तकातलं सातवं असू शकतं. काही अ‍ॅप वेग वाढवला की उरलेला वेळही त्या वेगाने कमी करून दाखवतात. मूळ वेगाचे एकूण तास आणि त्यातले ऐकून झालेले तास, एवढंच विचारा. पंधरापैकी पाच झाले म्हणजे एक तृतीयांश.

थोरल्या भावाचं जे झालं ते परत होऊ नये म्हणून एकच नियम पुरतो: ज्याची खूण सर्वात मागे, त्याच्या खुणेपर्यंतच बोलायचं. कादंबरी वाचून झालेल्यानेही. आणि ज्यांनी ती सुरूच केलेली नाही त्यांच्यासमोर पहिल्या पाचव्या हिश्श्यापलीकडची घटना सांगायची नाही. ३०० पानी कादंबरीत म्हणजे ६० पानांपर्यंतचं. तेवढ्यात पात्रं, जागा आणि अडचण उभी राहिलेली असते. त्यापुढचं लेखकाने सावकाश हाती द्यायचं ठरवलेलं असतं.

पण शेवट फोडायला घटनाच सांगावी लागते असं नाही. रहस्यकादंबरीबद्दल "शेवटी जबरदस्त धक्का आहे" एवढं म्हटलं तरी पुरे. ऐकणारा त्या क्षणापासून प्रत्येक सरळ माणसाकडे संशयाने बघायला लागतो. "तुला तो डॉक्टर आवडला? बरं, बरं..." यातल्या दोन "बरं"नी डॉक्टरचा निकाल लागतो. "पुढे बघ काय होतं ते" हेही त्यातलंच. ऐतिहासिक कादंबरीत लढाई कोण जिंकलं हे फोडणं नव्हे, ते सगळ्यांना ठाऊकच असतं. तिथे जपायचं ते कल्पित पात्रांचं काय होतं, आणि लेखकाने ज्ञात घटना कुणाच्या नजरेतून दाखवली ते.

मलपृष्ठावरचा मजकूर आधी वाचू नका, निदान शेवटचा परिच्छेद तरी. जुन्या गाजलेल्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावना तर सरळ शेवटापर्यंतची चर्चा करतात, कारण प्रस्तावना लिहिणारा अभ्यासक पुस्तक तुम्हाला माहीत आहे असंच धरून चालतो. कादंबरी संपवून प्रस्तावनेकडे या, तेव्हा ती दुप्पट उपयोगी पडते.

पुढे गेलेल्या वाचकाला काही विचारायचंच असेल तर एका शब्दात उत्तर येईल असं विचारा. "पेटीतली पत्रं कुणाची होती हे सांगून झालंय आणि माझं निसटलं, की अजून यायचंय?" त्याने "यायचंय" किंवा "निसटलं" एवढंच म्हणायचं. निसटलं असेल तर तुमच्या खुणेच्या अलीकडचं पान सांगायचं, अर्थ सांगायचा नाही.

आता तुमचं १२० वं पान. लाज वाटायचं काही कारण नाही, पण नेमकं काय अडलंय ते शोधायला हवं, कारण प्रत्येक अडचणीचा इलाज वेगळा आहे. एक चाचणी करा. १२० वरून मागे येत चालू प्रकरणाच्या सुरुवातीला जा आणि तिथून वीस मिनिटं वाचा. फोन दुसऱ्या खोलीत. किती पानं झाली ते मोजा. समजा बारा झाली. उरलेली ३६० पानं भागिले बारा म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या तीस बैठका. रोज एक केली तर महिना. हा आकडा बघून जीव दडपला तर अडचण वेळेची आहे. बारा पानं सहज गेली पण शेवटी "हे सगळे कोण होते?" असं वाटलं तर अडचण नावांची आहे. आणि वीस मिनिटांत चारदा घड्याळ पाहिलंत तर अडचण पुस्तकाशी आहे.

नावांचा इलाज सर्वात सोपा आणि सर्वात कमी केला जाणारा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, तीच खूण म्हणून वापरा. एका बाजूला पात्रं: नाव, कुणाचं कोण, आणि पहिल्यांदा आलं ते पान. "सदा – थोरल्याचा मित्र, होडीवाला, ४१." एवढंच. एकाच माणसाला घरचे एक, बाहेरचे दुसरं आणि निवेदक तिसरं नाव घेत असेल, तर तिन्ही एका ओळीत लिहा. रशियन कादंबऱ्यांत पहिलं नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाचं नाव असे चारही प्रकार फिरत असतात. बरेच वाचक तिथेच गळतात आणि दोष स्वतःच्या स्मरणशक्तीला देतात. कागद १२० पानांनंतर सुरू केलात तरी चालतो. मागची पानं भराभर चाळून नावं उचलायला अर्धा तास लागेल, आणि चाळताना निम्मी गोष्ट आठवेल.

कागदाची दुसरी बाजू बैठकीसाठी. प्रत्येक वाचनानंतर एकच ओळ: पान आणि डोक्यात राहिलेला प्रश्न. "११२ – पत्र फाडलं पण पाकीट का ठेवलं?" महिन्याभरात अशा दहा-बारा ओळी होतात. बैठकीआधी त्यातली एक निवडायची, झाली तयारी. सुंदर वाक्यं उतरवून घेण्याच्या नादी लागू नका. त्याने वाचनाचा वेग मरतो आणि वही पुन्हा उघडली जात नाही. चिकटपट्टीच्या रंगीत खुणा स्वतःच्या नव्या पुस्तकाला ठीक. वाचनालयाच्या किंवा जुन्या ठिसूळ कागदाच्या पुस्तकाला नकोत, कारण गोंद मागे राहतो आणि सोलताना कधी कधी अक्षरही घेऊन येतो.

वेळेची अडचण असेल तर थांबण्याची जागा बदला. तीस-चाळीस पानी प्रकरणं असतील आणि "प्रकरण संपलं की थांबेन" असं ठरवलं असेल, तर तेवढा वेळ नाही म्हणून तुम्ही पुस्तक उघडतच नाही. प्रकरणाच्या आत रिकामी ओळ किंवा तीन फुल्या येतात ना, तिथे थांबायचं. मोठा खंड पडला असेल तर खुणेपासून कधीच सुरुवात करू नका. तीन-चार पानं मागून या. आणि मोठी कादंबरी पुन्हा चालू करताना पहिले तीन दिवस सलग वाचा, मग एखादा दिवस चुकला तरी चालतं. आठवड्यातून एकदा दोन तास बसणाऱ्याची पात्रं दर रविवारी नव्याने ओळख करून देतात.

दोन-तीन कादंबऱ्या एकदम वाचायला हरकत नाही, फक्त त्या एकाच जातीच्या नसाव्यात. दोन कुटुंबगाथा एकदम घेतल्या की एकीतली आत्या दुसरीत शिरते.

आणि अडचण पुस्तकाशीच निघाली तर सोडा, पण कुठे आणि कशामुळे ते सांगून. "बोअर आहे" याचा कुणाला उपयोग नाही. "१२० वर सोडली, निवेदक प्रत्येक प्रसंगानंतर त्याचा अर्थही सांगतो, मला करायला काही उरत नाही" हे ऐकून तुमच्यातला एखादा नक्की म्हणेल, "मला दे, मला तसंच आवडतं." शेवट कळल्यामुळे इच्छा गेली असेल तर तेही कारण खरं आहे. मात्र सोडण्याआधी वीस पानं या नजरेने वाचून बघा: थोरला परत येणार नाही हे लेखकाला पहिल्या पानापासून माहीत होतं, मग त्याने त्याच्या तोंडी आत्ता काय घातलंय? काही कादंबऱ्या अशा वाचनात जास्त उघडतात. नुसत्या "काय होणार" यावर चालणाऱ्या कोसळतात. तुमची कोणत्या जातीची आहे ते वीस पानांत कळेल.

एक जुना प्रकारही करून बघा. हरी नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. पुढचा अंक येईपर्यंत सगळ्या वाचकांची खूण एकाच जागी. तुमच्यातल्या तिघा-चौघांनी एक कादंबरी ठरवून महिन्याला शंभर-सव्वाशे पानं, पण नेमक्या प्रकरणापर्यंत वाचायची आणि पुढे जायचं नाही. ४८० पानांना चार महिने. तुमचीच घेऊ शकता. तीन जणांना १२० पर्यंत यायला महिना लागेल, तोवर तुम्ही कागदावर नावं उतरवा.

पुढच्या बैठकीला एवढंच बोला: "४८० पैकी १२० वर, दोन महिने तिथेच. थोरल्याचं काय होतं ते मला कळलंय, तरी एक प्रश्न आहे." आणि कागदावरची ओळ वाचा.